डिफॉल्ट ब्राउझर : एका एकतर्फी निकालाची हकिकत

वाशीमवर संशोधनपर लेख म्हटला की तो वत्सगुल्माचा, वाकाटकांचा, विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटाचा असणार, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मीही ती दोनदा-तीनदा पुरी केली आहे. या वेळी मात्र विषय अवघा तीस वर्षांचा आहे, आणि त्याचे साधन ना ताम्रपट आहे ना बखर. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी, आपण सगळ्यांनी शेकडो वेळा न वाचता बंद केलेली एक चौकट, एवढेच ते साधन.

२०१७ चा पावसाळा होता. राज्य सरकारने २४ जूनला कर्जमाफी जाहीर केली होती. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ, नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहनाची रक्कम, आणि अर्ज मात्र ऑनलाइनच. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत सेवा केंद्रांपुढे सकाळपासून रांगा लागत. माझ्या ओळखीच्या एका केंद्रावर मी नावे-नंबर वाचून दाखवायला बसत असे. एका दुपारी सोयाबीनचे डवरण अर्धे टाकून आलेले सत्तरीतले एक गृहस्थ खुर्चीवर बसले. चालक पोराने ब्राउझर उघडला आणि नेहमीची चौकट समोर आली : हा तुमचा डिफॉल्ट ब्राउझर नाही, करायचा का? मजकूर अर्थात इंग्रजीत. गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते, पण अक्षरे लागत होती. त्यातला एक शब्द त्यांनी बँकेच्या नोटिशीवर पाहिलेला होता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले.

“भाऊ, हे डिफाल्ट कायले लिवलं इथं? फारम भरायच्या आंधीच?”

पोरगा हसला. “काका, ते तुमच्यासाठी नाही, मशीनसाठी हाय.”

काकांचे समाधान झाले नाही. अंगठा लावून होईपर्यंत ते त्या चौकटीच्या जागेकडेच पाहत होते. मलाही हसता आले नाही, कारण त्यांची शंका भाषेच्या दृष्टीने बिनचूक होती. कर्ज थकवणारा आणि न निवडलेला ब्राउझर या दोघांना एकच शब्द का? त्या संध्याकाळपासून मी या शब्दाच्या मागे लागलो. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जे काही येते ते बिघडलेली यंत्रे उघडून आणि सुट्टीच्या दिवशी न्यायालयांची निकालपत्रे छापून वाचून आले आहे.

शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला. अर्थ उणीव, चूक, जे व्हायला हवे होते ते न होणे. इंग्रजी कायद्यात तो आला तो गैरहजेरीच्या अर्थाने. प्रतिवादी तारखेला हजर राहिला नाही की निकाल त्याच्याविना लागतो. आपल्या कोर्टाच्या मराठीत त्याला ‘एकतर्फी हुकूमनामा’ म्हणतात. कर्जाचा अर्थ त्याच घरातला, हप्ता द्यायचा होता, दिला नाही. संगणकवाल्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उचलला तो असा : वापरणाऱ्याने काही सांगितले नाही, तर यंत्राने जे धरून चालायचे ते डिफॉल्ट. म्हणजे तिन्ही ठिकाणी एक माणूस गप्प किंवा गैरहजर आहे आणि त्याच्या वतीने काहीतरी ठरून गेले आहे. मराठीकरण करणाऱ्यांनी याला कुठे ‘मूलभूत’ म्हटले, कुठे ‘पूर्वनिर्धारित’, कुठे हात टेकून ‘डीफॉल्ट’च ठेवले. ‘मूलभूत’ हे भाषांतर मला सर्वांत फसवे वाटते. ज्यात मूळचे काहीच नाही, त्याला ते जमिनीचा मान देते.

आता प्रश्न असा, की आपल्या वतीने हे ठरवले कोणी, आणि कधी?

तारखा लावून पाहिल्या. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, तेही मोजक्या महानगरांत. त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत ‘विंडोज ९५’ बाजारात आले. त्या वेळी जगात ब्राउझर म्हणजे ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’. मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ अजून विंडोजच्या मुख्य पेटीतही नव्हता, वेगळ्या विकत घ्यायच्या जोडपाकिटात होता. पुढच्या तीन वर्षांत तो पेटीत आला, मग पेटीचाच भाग झाला. ‘विंडोज ९८’ची विक्री सुरू झाली २५ जून १९९८ ला. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. सहा दिवसांचे अंतर. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत, कोचिंग क्लासांत आणि पुढे पाटणी चौकाच्या आसपास निघालेल्या कॅफेंत जे संगणक आले, त्यांच्यावर त्यामुळे निळा ‘ई’ आधीच बसलेला होता. निवडण्याची वेळ आमच्यावर आलीच नाही.

कोणी म्हणेल, नेटस्केप फुकटच होता, उतरवून घ्यायचा. त्याचा हिशेब माझ्या जुन्या वहीत आहे. नेटस्केपचा संच पंधरा एमबीच्या आसपास. फोनच्या तारेवरून चांगल्या दिवशी सेकंदाला चार केबी मिळत. म्हणजे तासाहून जास्त वेळ, तेवढ्या वेळाचे फोनचे बिल, आणि मध्ये लाइन तुटली की पहिल्यापासून. संगणक-मासिकांबरोबर येणारी सीडी हाच खरा मार्ग होता, आणि ती अकोल्याहून आणावी लागे. बदलायला बंदी कुठेच नव्हती. डिफॉल्टचे बळ या तासाभरात होते.

हे बळ पैसेवाल्यांनी आधीच ओळखले होते. ११ मार्च १९९६ रोजी ‘अमेरिका ऑनलाइन’ या त्या वेळच्या मोठ्या इंटरनेट कंपनीने नेटस्केपशी करार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी तिने मायक्रोसॉफ्टशीही केला, आणि आपल्या ग्राहकांचा डिफॉल्ट ब्राउझर म्हणून एक्स्प्लोरर पत्करला. बदल्यात विंडोजच्या पडद्यावर तिला जागा मिळाली. त्याच वर्षी कॉम्पॅक या संगणक बनवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रांच्या पडद्यावरून एक्स्प्लोररचे चिन्ह काढून नेटस्केपचे ठेवले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली आणि चिन्ह परत आले. कॉम्पॅकची ही अवस्था, तर वाशीमच्या कॅफेवाल्याने काय करावे?

या गोष्टी आपल्याला कळतात त्या १८ मे १९९८ रोजी अमेरिकी सरकारने आणि तिथल्या राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यामुळे. न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी दिलेले तथ्यनिष्कर्ष ४१२ परिच्छेदांचे आहेत. कंपनीचे दोन तुकडे करा, असा त्यांचा पुढच्या वर्षीचा आदेश गाजला, अपिलात तो टिकला नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला त्या कागदांत जे सापडले ते वेगळे आहे, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

तक्रार अशी होती : विंडोज ९८ मध्ये वापरणाऱ्याने नेटस्केप डिफॉल्ट करून ठेवला असला, तरी काही ठिकाणी विंडोज ती निवड बाजूला सारून एक्स्प्लोररच उघडते. मदतीची पाने, विंडोजच्या सुधारणा वगैरे. केंद्रावरचा कोणीही मुलगा आज हेच गाऱ्हाणे सांगेल : “सेटिंग बरोबर आहे, तरी लिंक दुसऱ्यातच उघडते.” जॅक्सन यांनी हे कंपनीच्या विरोधात धरले. अपील न्यायालयाचा निकाल २८ जून २००१ ला आला. त्यात एक्स्प्लोरर काढून टाकण्याची सोय न देणे बेकायदा ठरले, दोन्हींची आज्ञावली एकमेकांत कालवणेही बेकायदा ठरले. पण वापरणाऱ्याची निवड डावलण्याच्या या एका मुद्द्यावर मात्र कंपनी सुटली. तिने तांत्रिक कारणे दिली होती आणि सरकारपक्षाने ती खोडून काढली नव्हती. मोठ्या तोफा लागल्या, आणि आपल्या रोजच्या त्रासाचा मुद्दा नीट प्रतिवाद न झाल्याने निसटला. निर्णय शंभर टक्के न्यायालयीन शिस्तीचा होता, यात शंका नाही. पण ज्याला तो त्रास होत होता तो कुठल्याही बाजूच्या बाकावर नव्हता.

खटला तडजोडीने मिटला. त्या तडजोडीचे फळ मात्र वाशीमपर्यंत पोहोचले. २००२ मध्ये ‘विंडोज एक्सपी’ची पहिली मोठी सुधारणा आली, तिच्यात ‘सेट प्रोग्राम ॲक्सेस अँड डिफॉल्ट्स’ नावाची नवी पाटी दिसू लागली. वॉशिंग्टनच्या न्यायालयातून निघालेली ही पाटी स्टार्टच्या यादीत आमच्यासमोर होती आणि तिचे कुळ कोणालाच माहीत नव्हते. मी स्वतः ती कित्येक वर्षे निरुपयोगी समजत आलो. तिच्यातून एक्स्प्लोरर ‘काढला’ तरी फक्त चिन्ह जाई. आतले यंत्र तसेच राही.

इथे मराठीचा मुद्दा सांगितला पाहिजे, कारण आपल्याकडे ब्राउझर बदलणे हे कधीच नुसते आवडीचे काम नव्हते. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. मराठी संकेतस्थळे आपापला फॉन्ट पानाबरोबर पाठवत. त्याचीही दोन घराणी होती, एक्स्प्लोररसाठी एक पद्धत, नेटस्केपसाठी दुसरी. एकासाठी बांधलेले पान दुसऱ्यात उघडले की ओळीच्या ओळी उलटसुलट रोमन चिन्हांच्या. एक्सपीबरोबर युनिकोड आले, पण इंग्रजी एक्सपीत जोडाक्षरांच्या लिप्यांची सोय सुरुवातीला बंद ठेवलेली असे. ती चालू करायला रिजनल सेटिंगमध्ये खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि मूळ सीडी कॅफेत कोणाकडे असणार? एक्स्प्लोरर त्या अवस्थेतही मराठी बऱ्यापैकी नीट दाखवी. ९ नोव्हेंबर २००४ ला आलेला ‘फायरफॉक्स’ त्या यंत्रावर ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागच्या बाजूला टाकून मोकळा होई. लोकांना वाटे फायरफॉक्सला मराठी येत नाही. दोष एका बंद ठेवलेल्या खुणेचा होता, नाव खराब झाले दुसऱ्याचे. एका डिफॉल्टने दुसरे डिफॉल्ट पक्के केले ते असे.

मग २ सप्टेंबर २००८ ला ‘क्रोम’ आला आणि पाचसहा वर्षांत निळा ‘ई’ घरांतून गेला. कचेऱ्यांतून गेला नाही. सरकारी पानांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ आणि शेजारी पडद्याचे माप, हे वाचकांना आठवत असेल. डिजिटल सहीचे काम जावाच्या जोडणीवर चाले. क्रोमने ती जोडणी २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. म्हणून ज्या टेबलावर सहीचा पेनड्राइव्ह लावायचा, त्या टेबलावर एक्स्प्लोरर ठेवावाच लागे. केंद्रचालकाचा एक संगणक मग दोन धन्यांचा चाकर झाला. अर्ज एका ब्राउझरमध्ये भरायचा, सही दुसऱ्यात करायची, पावती तिसऱ्यातच उघडणार. कॅफेवाल्यांचे आणखी एक. पोरे सेटिंग बिघडवतात म्हणून ‘डीप फ्रीझ’ नावाची आज्ञावली टाकून ठेवत. यंत्र बंद करून चालू केले की सगळे कालच्यासारखे. त्यामुळे काल दिलेले उत्तरही पुसले जाई, आणि ‘हा तुमचा डिफॉल्ट ब्राउझर नाही’ हा प्रश्न रोज सकाळी नव्याने.

हे सेटिंग ठेवलेले असते कुठे? विंडोजच्या पोटात ‘रजिस्ट्री’ नावाची नोंदवही असते. शेतकरी वाचकाला ती पटकन समजेल, कारण ती गाव नमुना सहासारखी, फेरफाराच्या नोंदवहीसारखी आहे. ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा पत्ता कोणाच्या नावावर, ‘एचटीएमएल’ची फाइल कोणाच्या, अशी एकेक नोंद. जुन्या विंडोजमध्ये कोणतीही आज्ञावली येऊन या नोंदी स्वतःच्या नावे करून घेई, तलाठ्याला न विचारता. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर शिरणारे ते टूलबार आठवा. मुखपृष्ठ आणि ब्राउझर दोन्ही रातोरात परक्याच्या नावावर. २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून नोंदीला एक गुप्त पडताळा जोडला जाऊ लागला. तो जुळला नाही तर फेरफार नामंजूर, जणू मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण. चोराला आळा बसला हे खरे. पण मंडळ अधिकारी स्वतःच एका दावेदाराच्या घरचा होता, हेही तितकेच खरे.

जुलै २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ आले. जुन्या यंत्रावर ते चढवताना घाईत पुढे-पुढे जाणाऱ्याचा डिफॉल्ट नव्या ‘एज’कडे गेला, आणि मोझिलाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांना उघड पत्र लिहिले. ऑक्टोबर २०२१ च्या ‘विंडोज ११’ मध्ये तर एक बटण जाऊन प्रत्येक नोंद वेगळी बदलायची पाळी आली. ओरड झाल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये एकच बटण परत मिळाले. तरीही स्टार्टच्या यादीतला शोध आणि बातम्यांचे दुवे एजमध्येच उघडत राहिले. १९९८ ची तीच तक्रार, जशीच्या तशी.

ती सुटली, पण कुठे? युरोपात. डिजिटल बाजाराच्या नव्या कायद्यामुळे २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजमध्ये हे दुवे वापरणाऱ्याच्या निवडीप्रमाणे उघडू लागले. युरोपने आधीही हा विषय लावून धरला होता. २०१० मध्ये तिथल्या विंडोजवर ब्राउझर निवडण्याचा पडदा आला, मध्यंतरी चौदा महिने तो लाखो यंत्रांवर दिसेनासा झाला, तेव्हा मार्च २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला. यंत्र तेच, आज्ञावली तीच. ती पॅरिसमध्ये आहे की पाटणी चौकात, यावर तिची वागणूक ठरते. तांत्रिक अडचण किती होती, याचे याहून चांगले उत्तर मला मिळालेले नाही.

आपल्याकडेही एक निकाल लागला. कायद्याच्या क्षेत्रातल्या तिघा तरुणांच्या २०१८ मधल्या अर्जावरून भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडची चौकशी केली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश रद्द केले. या आदेशामुळे नव्या फोनवर शोधयंत्र निवडण्याचा पडदा देण्याचे गूगलने मान्य केले. शोधयंत्र, ब्राउझर नव्हे. आणि या जागेची किंमत किती, तेही आता कागदोपत्री आहे. वॉशिंग्टनचे न्यायमूर्ती अमित मेहता यांच्या ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात आकडा आहे : फोनवर आणि ब्राउझरवर आपले शोधयंत्र डिफॉल्ट राहावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. सप्टेंबर २०२५ च्या पुढच्या आदेशात मेहता यांनी एकमेव हक्काचे करार बंद केले, पैसे देणे मात्र चालू ठेवू दिले. जी जागा आपण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो, तिचे हे भाडे. ते आपल्याला मिळत नाही, हे सांगायला नकोच.

इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला. ज्या जुन्या पानांना तो लागतोच, त्यांच्यासाठी एजच्या आत त्याचे एक सोंग ठेवलेले आहे, निदान २०२९ पर्यंत.

या लेखासाठी परवा मी त्याच केंद्रावर गेलो. पोरगा आता तिशीत आला आहे, दोन मशीनची चार झाली आहेत. त्याने आपल्यापुरता तोडगा काढला आहे. एका मॉनिटरवर ‘फक्त सही’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘विमा’, तिसऱ्यावर ‘सातबारा’. प्रत्येक यंत्राला एकच काम आणि एकच ब्राउझर, म्हणजे चौकशीची चौकट यायचा प्रश्नच नाही. चौथ्यावर चिठ्ठी नव्हती. का, म्हणून विचारले.

“ते लोकायसाठी ठेवलं सर. ज्याले जे उघडायचं ते उघडा.”

मी बसलो आणि उघडले. चौकट आली.